पाठदुखी, मानदुखी व मणक्याची शस्त्रक्रिया

पाठीच्या किंवा मानेच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करावयाची की नाही, हा निर्णय वेदनेच्या तीव्रतेपेक्षा मेरुरज्जू किंवा त्यापासून निघणाऱ्या तंत्रिका (नसा) दाबल्या गेल्या आहेत काय आणि कणा अस्थिर झाला आहे काय, यांवर अवलंबून असतो. बहुसंख्य रुग्णांत यांपैकी काहीही नसते. स्नायू, बंध व लहान सांधे यांवर ताण पडल्यामुळे उद्‌भवणारी वेदना सामान्यतः काही आठवड्यांत ओसरते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात फटाक्यांच्या उत्पादनाबद्दल प्रसिद्ध असलेल्या तेरखेडा येथील वाकून बसणारा कारागीर आणि मराठवाड्यातून ऊसतोडीस जाऊन डोक्यावर मोळी वाहणारी स्त्री यांची पाठ बहुधा याच कारणाने दुखते. अनावश्यक शस्त्रक्रियेने अशा कुटुंबाची कित्येक महिन्यांची मजुरी बुडते; उलट आवश्यक शस्त्रक्रिया लांबल्यास कायमचे पंगुत्व येऊ शकते.

कण्यातील मणक्यांमध्ये २३ लवचिक चकत्या (गाद्या) असतात. चकतीचा गाभा बाहेर येऊन तंत्रिकामूळ दाबले जाते व त्यामुळे पायात कळ येते, हे अमेरिकेतील मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. ‘मणक्यांत गॅप पडला’ हा प्रचलित शब्दप्रयोग मात्र दिशाभूल करणारा आहे. वयोमानाने चकती झिजून मणक्यांतील अंतर वास्तविक कमी होते आणि ही झीज म्हणजे रोग नव्हे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कमरेचे एमआरआय चित्रण केले असता निम्म्याहून अधिकांत एखादी तरी चकती फुगलेली आढळली. त्यामुळे केवळ चित्रावरून शस्त्रक्रिया ठरविणे अयोग्य होय. वेदनेची वाट, बधिरतेची जागा व स्नायूंचा दुबळेपणा ही तिन्ही चित्रात दिसणाऱ्या दाबाच्या जागेशी जुळावी लागतात.

गृध्रसीमध्ये (सायटिकामध्ये) कळ नितंबापासून गुडघ्याखाली उतरते आणि रुग्णास उताणे निजवून पाय सरळ उचलला असता ती वाढते. वेदनाशामके, बेताची हालचाल व व्यायाम यांनी सुमारे सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे हितकारक नसते. नॉर्वेतील वेबर यांच्या १९८३ मधील अभ्यासात पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली होती. चौथ्या वर्षी दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. म्हणजेच येथे शस्त्रक्रियेने मुख्यतः आराम लवकर पडतो आणि तो किती लवकर हवा, हे रुग्णानेच ठरवावयाचे असते. तथापि पाऊल लुळे पडून पायातील चप्पल नकळत निसटू लागल्यास इतके थांबणे धोक्याचे असते. लघवी तुंबणे, मलमूत्रावरील ताबा जाणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे ही तातडीची लक्षणे असून रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

मानेच्या बाबतीत फसगत निराळी असते. मानेत मेरुरज्जूच दाबला गेल्यास वेदना अल्प किंवा मुळीच नसते. सदऱ्याची गुंडी लावता न येणे, हातातील वस्तू पडणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे हळूहळू वाढतात. ती वार्धक्याची समजून दुर्लक्षिली जातात. गमावलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नसल्याने येथे विलंब करणे इष्ट नसते.

रात्री वाढणारी पाठदुखी, ताप व वजनातील घट यांवरून कण्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. भारतात हा रोग अद्याप आढळतो. सु. मो. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘मध्यम मार्गा’नुसार प्रथम औषधे दिली जातात आणि ती निष्फळ ठरल्यास किंवा पक्षाघात सुधारत नसल्यास शस्त्रक्रिया केली जाते.

मणका सरकून कणा अस्थिर झाल्यास मणके सांधले जातात. कण्याच्या पाठीमागील बाजूने चकतीच्या जागी अस्थी बसवून सांधण्याच्या पद्धतीचा भारतात प्रसार करणाऱ्यांत मुंबईचे मेंदूशल्यविशारद प्रेमानंद रामाणी हे प्रमुख होत. मात्र केवळ झिजेमुळे दुखणाऱ्या पाठीसाठी मणके सांधण्याचा लाभ अनिश्चित आहे. शिवाय सांधलेल्या भागालगतच्या चकत्यांवर अधिक ताण पडून काही रुग्णांत पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.