रंग हा टायटेनियाचा आजार नव्हे

सूर्यप्रकाशाने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन मिळवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘टायटेनियम डायऑक्साइड पांढरं असल्यामुळे फक्त अतिनील किरण शोषतं, त्याला गडद रंग आणला की प्रश्न सुटला.’ व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत, विज्ञान प्रदर्शनातल्या फलकांवर, ‘काळ्या पुडीची कमाल’ सांगणाऱ्या बातम्यांत हेच वाक्य फिरत असतं. ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच खोडून काढायला जड जातं.

खरा भाग आधी. टायटेनियाच्या, म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडच्या, ॲनाटेज या स्फटिकरूपातला ऊर्जापट्ट्यांमधला फरक ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगाचा प्रकाश त्याच्या काहीच कामाचा नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेत अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. त्यातला एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं, तरी सूर्यऊर्जेतून हायड्रोजनमध्ये उतरणारा वाटा सुमारे १.३ टक्क्यांवर थांबतो. ही मर्यादा कोणी नाकारत नाही.

पण प्रकाश शोषणं ही फक्त पहिली पायरी आहे. फोटॉन शोषला की एक इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि त्याच्या जागी एक धन पोकळी उरते. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी पृष्ठभागापर्यंत पोचायचं, इलेक्ट्रॉनने हायड्रोजन बनवायचा आणि पोकळ्यांनी ऑक्सिजन. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार पोकळ्या लागतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने २००८ मध्ये हे मोजलं : ऑक्सिजन तयार व्हायचा तर पोकळी सेकंदाच्या काही दशांशांइतकी टिकावी लागते, आणि एरवी ती मायक्रोसेकंदांतच इलेक्ट्रॉनला भेटून संपते. मिळालेल्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. टायटेनियाचा खरा आजार हा आहे. रंग बदलून तो बरा होत नाही, उलट बळावू शकतो.

कसा, ते काळ्या पुडीतच दिसतं. २०११ मध्ये अमेरिकेत बर्कलीला चेन, माओ आणि सहकाऱ्यांनी टायटेनियाचे सूक्ष्म कण २० बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवले. पूड काळी झाली, दृश्य प्रकाश शोषू लागली आणि ‘सायन्स’मधल्या त्या लेखाने जगभर धूम केली. त्याच लेखातला पुढचा आकडा मात्र बातम्यांत येत नाही. पूर्ण प्रकाशात दर ग्रॅममागे ताशी १० मिलिमोल हायड्रोजन निघत होता. अतिनील भाग गाळून फक्त दृश्य आणि अवरक्त प्रकाश दिला तेव्हा ०.१. शंभरावा हिस्सा! काळा रंग प्रकाश शोषत होता, पण त्या शोषणातून रसायन फारसं घडत नव्हतं. हा रंग येतो तो स्फटिकाची घडी विस्कटल्याने, आणि अशा विस्कटलेल्या जागा बहुधा इलेक्ट्रॉन-पोकळीच्या अकाली भेटीची ठिकाणं ठरतात.

याच्या नेमकं उलट काम जपानमध्ये झालं. स्ट्रॉन्शियम टायटेनेट हे टायटेनियाचं जवळचं भावंड, तेही पांढरं, तेही अतिनील प्रकाशापुरतंच. ताकाता, डोमेन आणि सहकाऱ्यांनी त्यात किंचित ॲल्युमिनियम घालून स्फटिकातले दोष वाढवण्याऐवजी कमी केले. मग स्फटिकाच्या एका प्रकारच्या पैलूंवर रोडियम-क्रोमियमचा सहउत्प्रेरक बसवला आणि दुसऱ्या प्रकारच्या पैलूंवर कोबाल्टचा, म्हणजे इलेक्ट्रॉन एकीकडे जमावेत आणि पोकळ्या दुसरीकडे. रोडियमभोवती क्रोमियम ऑक्साइडचं कवचही हवंच, कारण उघड्या धातूवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन परत एकत्र येऊन पाणी होतं. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता नोंदवली. रंगात तसूभरही फरक नाही, आणि तरी जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी आला. ‘रंगच बदला’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा शांतपणे वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट मिथेनॉलची, आणि इथे माझा संयम खरंच सुटतो. ‘पाण्यापासून हायड्रोजन’ म्हणून जाहीर होणाऱ्या कित्येक प्रयोगांत पाण्यात मिथेनॉल मिसळलेलं असतं. बर्कलीच्या प्रयोगातही निम्मं होतं. मिथेनॉल पोकळ्या पटकन गिळतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन वाचतात आणि हायड्रोजन भरपूर येतो. उत्प्रेरकाच्या कामाचा एक अर्धा भाग तपासायला ही पद्धत ठीक आहे. पण द्रव पाण्याच्या विघटनाला दर मोलमागे २३७ किलोज्यूल लागतात, आणि मिथेनॉल-पाण्यापासून हायड्रोजनचे तीन मोल काढायला सगळे मिळून अवघे ९. मिथेनॉल जळालं, पाणी फुटलं नाही! तपासायची खूण सोपी आहे : हायड्रोजनच्या निम्मा ऑक्सिजन निघाला का? बातमीत ऑक्सिजनचा उल्लेखच नसेल, तर तो दावा पाण्याच्या विघटनाचा समजू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ९६ टक्के ही सौर कार्यक्षमता नाही. ती फक्त त्या अरुंद पट्ट्यातल्या फोटॉनांची आहे. त्याच पदार्थाची १०० चौरस मीटरची मांडणी जपानमध्ये उघड्यावर चालवली, तेव्हा सूर्यऊर्जेच्या हिशोबाने जास्तीत जास्त ०.७६ टक्के मिळाले. टायटेनियावर प्रकाश टाकून पाणी फोडण्याचा फुजिशिमा आणि होंडा यांचा १९७२ चा मूळ प्रयोग पुडीचा नव्हता. रुटाइल या टायटेनियाच्याच दुसऱ्या रूपाचा एक इलेक्ट्रोड होता, प्लॅटिनमचा दुसरा, आणि मध्ये तार. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जाळून मिळणारी सगळी ऊर्जा आधी उन्हाने भरलेली असते.

दृश्य प्रकाश वापरावाच लागेल, यात वाद नाही. एवढ्या थोड्या अतिनील किरणांवर कोणाचीच गरज भागणार नाही. पण त्यासाठी टायटेनियाला काळं करण्यापेक्षा मुळातच दृश्य प्रकाश शोषणारे पदार्थ घेऊन त्यांचे दोष कमी करण्याची वाट जास्त आशादायक वाटते. २०१९ मध्ये डोमेन यांच्याच गटाने इट्रियम-टायटेनियमच्या ऑक्सिसल्फाइडने, सुमारे ६४० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरून, मिथेनॉलशिवाय पाण्याचं विघटन करून दाखवलं. कार्यक्षमता अजून अगदी कमी आहे. हायड्रोजन मात्र पाण्यातूनच आला, आणि सोबत ऑक्सिजनही.