आसनाखालील तार व धोक्याचा दिवा

पौष अमावास्येच्या सुमारास इंद्रवेल्लीहून केसलापूरच्या नागोबा जत्रेकडे जाणाऱ्या मोटारींत आसनाखालची जागा क्वचितच रिकामी असते. डबे, पिशव्या, पाण्याचे कॅन तेथेच सरकवले जातात. काही मोटारींत याच जागी आसनाची स्थिती ओळखणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, व त्याच्या तारा असतात, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. अपघातसमयी ही पिशवी निमिषार्धात फुगते. उंचीने कमी असलेला चालक आसन पुढे ओढून बसला असल्यास तिच्या पूर्ण जोराने त्यालाच इजा होण्याचा संभव असतो. अशा मोटारींत आसन पुढे असल्याची वर्दी संवेदक देतो व नियंत्रक पिशवीचा जोर कमी करतो.

आसनाच्या रुळावरील हा संवेदक बहुधा चुंबकीय क्षेत्रातील बदलावर चालतो. एका स्थितीत त्यातून साधारणतः ५ ते ७, तर दुसरीत १२ ते १७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह शून्यावर आला तर तार तुटली, अवाजवी वाढला तर शॉर्ट झाले, असे नियंत्रक ताडतो आणि एअरबॅगचा दिवा तेवत ठेवतो. मोटार तरीही चालतेच. म्हणून दुर्लक्ष होते. कोणी दिव्याचा बल्बच काढतात. चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधावे, तसा हा प्रकार होय.

दोष पुष्कळदा संवेदकात नसून तारेत वा कनेक्टरमध्ये असतो. किल्ली बंद करून, बॅटरीची ऋण तार सोडवून, निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबावे; कारण नियंत्रकात वीज साठून राहते. मग घासलेली तार, गंजलेली पिन, सैल जोडणी पाहावी. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर कदापि लावू नये.

तरीही उलगडा न झाल्यास जोडणी पूर्ववत करून स्कॅनर लावावा. आसन सरकवताना त्यावरील नोंद बदलली, तर संवेदक शाबूत आहे. शॉर्टचा संकेत असेल, तर वरील खबरदारी पुन्हा घेऊन संवेदकाचा कनेक्टर काढावा. त्यानंतर संकेत ‘तार तुटली’ असा बदलला तर संवेदक बिघडलेला, न बदलला तर तारच सदोष. दुरुस्तीनंतर संकेत पुसावा आणि किल्ली फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागून विझतो, हे पाहूनच वाहन ताब्यात घ्यावे.