समजून घ्या : तोच सायकलपटू, तीच पृथ्वी, १९४ दिवसांचे ७८ कसे झाले?

स्कॉटलंडच्या मार्क बोमाँटने सायकलवरून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. २००७-०८ मध्ये सगळे सामान सायकलवर लादून, एकट्याने. तेव्हा १९४ दिवस लागले. २०१७ मध्ये सोबत मदतीची गाडी आणि पथक होते. पॅरिसहून निघून रशिया, चीन, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका असे सुमारे २९ हजार किमी सायकल चालवून तो ७८ दिवसांत पॅरिसला परतला. समुद्र अर्थातच विमानाने ओलांडले.

वेग वाढला का?
रोजचे लक्ष्य होते ३८६ किमी, तेही १६ तासांत. म्हणजे ताशी २४ किमी. सराव असलेल्या सायकलपटूला हा वेग नवा नाही. अवघड आहेत ते रोजचे १६ तास.

मग गाडीने काय केले?
जेवण, पाणी, मुक्कामाची शोधाशोध, पंक्चर... एकट्या सायकलपटूचा वेळ यातच जातो. ही कामे पथकाने उचलली. तो पहाटे ४ वाजता निघायचा आणि चार-चार तासांचे चार टप्पे करायचा. मध्ये फक्त अर्ध्या तासाची विश्रांती.

गाडीला काय जमत नाही?
नवव्या दिवशी रशियात तो पडला, कोपराचे हाड मोडले. उपचार पथकाने केले. पॅडल मात्र त्यालाच मारावे लागले.

गाडीशिवाय जमते?
जमते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये बहुतांश प्रवास एकटीने करत सुमारे १६० दिवसांत २९ हजार किमी पूर्ण केले. वाटेत स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटण्यात आले.

म्हणून विक्रमाची बातमी वाचताना दिवस मोजण्याआधी एवढे पाहा : सोबत गाडी होती का?