सैन्यभरती कार्यालयांची स्थाननिश्चिती : रावेतच्या संदर्भात

सैन्यभरती कार्यालय कोठे असावे, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय असला तरी त्याचे मूळ लोकसंख्येच्या भूगोलात आहे. भूसेनेत राज्याचा वाटा भरतीयोग्य पुरुष लोकसंख्येवरून ठरतो. ती एकूण पुरुषांच्या सुमारे १० टक्के मानली जाते. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे भरती कार्यालये असून प्रत्येकाकडे ठरावीक जिल्हे सोपविलेले आहेत.

उमेदवाराचे कार्यालय मात्र अधिवासावरून ठरते, सध्याच्या वास्तव्यावरून नव्हे. रावेतला राहून चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या परभणीच्या तरुणाला पुणे जवळ असूनही छत्रपती संभाजीनगर कार्यालयाच्या मेळाव्यास जावे लागते. तेवढ्या दिवसांचा रोजगार बुडतो. २०२३ पासून ऑनलाइन परीक्षा आधी होऊ लागल्याने पहिल्या टप्प्यातील अंतर घटले. शारीरिक व वैद्यकीय चाचणीचे घटलेले नाही.

तथापि अधिवासाची अट काढून टाकणे हा उपाय नव्हे. गुणवत्ता यादी कार्यालयनिहाय लागत असल्याने वास्तव्य हा निकष धरल्यास रोजगारासाठी आलेल्यांची स्पर्धा स्थानिकांच्या जागांवर येईल. म्हणून यादी मूळ कार्यालयाचीच ठेवून चाचणीपुरते मनुष्यबळ औद्योगिक पट्ट्यात पाठविणे अधिक न्याय्य ठरेल. स्थाननिश्चिती म्हणजे केवळ इमारतीची जागा ठरविणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते.