गिरणीतला रविवार

आठवड्याची सुट्टी आज कुणी मागत नाही, ती असतेच. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र ती झगडून मिळवावी लागली. गिरण्यांत उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. 1881च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण फक्त बालकामगारांना. मोठ्यांच्या वाट्याला मोजके सण. कुठे रविवारी गिरणी बंद असलीच, तर यंत्रं साफ करायला जावं लागे.

जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांच्या मागण्या ऐकून आज नवल वाटतं: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि पंधरा तारखेपर्यंत पगार. साडेपाच हजार कामगारांनी निवेदनाला पाठिंबा दिला. सरकारदरबारी अर्ज करणं हेच तेव्हा त्यांच्या हातातलं मुख्य साधन होतं आणि लोखंड्यांनी ते चिकाटीने वापरलं.

एप्रिल 1890च्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. मला ही गोष्ट सुट्टीइतकीच मोलाची वाटते. त्यानंतर 10 जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी सुधारलेल्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली.