घरचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

पडून राहिलेला लॅपटॉप किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय घ्यायचा, त्यावर डेबियन लिनक्स टाकायचं आणि घरचे फोटो, कागदपत्रं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची, ही हौस हल्ली वाढते आहे. ती वाढायलाच हवी. पण लिनक्स तासाभरात बसतं आणि मग गाडी अडते ती नेटवर्कपाशी.

केबल लावली की सर्व्हर राऊटरकडे पत्ता मागतो आणि राऊटर त्याला १९२.१६८.१.२० असा काहीतरी आयपी देतो. हा पत्ता ठरावीक मुदतीचा असतो, उद्या बदलू शकतो. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरच्या मॅक क्रमांकासाठी तो राखून ठेवावा. मग तपासणी. आधी राऊटरला पिंग करा, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिल्यालाच उत्तर नसेल तर दोष घरातच आहे, बहुधा केबलचा किंवा आयपीचा. दुसऱ्यापाशी अडलं तर गेटवे किंवा कंपनीची लाइन तपासायची. फक्त नावच सापडत नसेल तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस चुकलंय.

सर्व्हर बाहेर पोचला, पण बाहेरून त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही. याचं मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत, त्यामुळे तुमच्या सर्व्हरचा पत्ता शेजारच्या घरातही कुठल्या तरी यंत्राला मिळालेला असू शकतो. आतून मागणी गेली की राऊटर तिच्यावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि नोंद ठेवतो. उत्तर आलं की ती नोंद पाहून योग्य यंत्राकडे पाठवतो. न मागता आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, म्हणून ते टाकून दिलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे अशी एक कायमची नोंद करून ठेवणं.

तरीही जमलं नाही, तर राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे कंपनीच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. मग घरच्या राऊटरवर कितीही खटपट केली तरी व्यर्थ. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्यावा, किंवा १२८ बिटांचा आयपीव्ही६ वापरावा. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. फायरवॉलमध्ये परवानगी मात्र द्यावी लागते.

पण पोर्ट उघडायची घाई नको. दुरून लॉगिन करायला लागणाऱ्या एसएसएचचं २२ क्रमांकाचं पोर्ट उघडलं की लवकरच लॉगमध्ये अनोळखी आयपींच्या ओळी दिसू लागतात: रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी पासवर्ड आजमावणारे हे बॉट असतात. पासवर्ड चोरीच्या एका हल्ल्यानंतरच फिनलंडच्या टाटू युलेनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. त्यात किल्लीने लॉगिन करायची सोय आहे. ती चालते याची खात्री करून पासवर्डने लॉगिन बंदच करा.

आणि सर्व्हर फक्त घरच्यांसाठी असेल तर २२ उघडूच नका. मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच असलेलं वायरगार्ड हे व्हीपीएन वापरा. योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. त्याचं एक पोर्ट पुरेसं आहे, बाकी सगळी बंद ठेवा.