केबल बदलण्याआधी : यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरबद्दलचे गैरसमज

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत त्याहून जुनी, शेंद्र्याची नंतरची. या पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये आजही चालू असलेल्या कितीतरी सीएनसी मशीन, पीएलसी, वजनाचे इंडिकेटर आणि पॅनलवरचे वीजमीटर बाहेरच्या जगाशी बोलतात ते सिरियल पोर्टमधून. आरएस-२३२ हे मानक १९६० मधलं. लॅपटॉपवरून नऊ पिनांचा पोर्ट गेला, मशीनवरून गेला नाही. मधली जागा बोटभर लांबीच्या यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टरने भरून काढली आणि मेंटेनन्सच्या प्रत्येक बॅगेत तो जाऊन बसला.

मशीन बोललं नाही की पहिला संशय त्याच्यावरच येतो. कन्व्हर्टर बदलतात, मग केबल बदलतात, मग मीटर. दोष बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसतो. या कन्व्हर्टरमार्फत संगणक दोन निराळी संभाषणं करत असतो. एक खुद्द कन्व्हर्टरमधल्या चिपशी, दुसरं चिपच्या पलीकडच्या यंत्राशी. दोन्हींचे संदेश वेगळे, त्यांची रचना वेगळी. ही दोन संभाषणं एकच समजली गेली की पुढचे सगळे गैरसमज त्यातून निघतात.

‘ही तर नुसती केबल आहे’

नाही. प्लास्टिकच्या आवरणाआड एक चिप असते : एफटीडीआयची एफटी२३२आर, प्रोलिफिकची पीएल२३०३, सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ किंवा स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सर्रास आढळणारी सीएच३४०. यूएसबीवर संगणकाने विचारल्याशिवाय कोणतंही उपकरण आपणहून बोलू शकत नाही आणि सगळी माहिती पाकिटांत जाते. सिरियल तारेवर यातलं काहीच नसतं, तिथे एकामागून एक बिट धावतात. हे दोन्ही जुळवणं चिपचं काम.

सॉफ्टवेअरमध्ये आपण ९६०० हा बॉड रेट निवडतो, तेव्हा चिपला एक नियंत्रण-संदेश जातो. यूएसबीच्या सीडीसी या सर्वमान्य रचनेत तो सात बाइटचा असतो. सोळा-आधारी अंकांत लिहिला तर असा : ८० २५ ०० ०० ०० ०० ०८. पहिले चार बाइट म्हणजे वेग, लहान बाइट आधी. म्हणजे हा आकडा २५८०, आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत ९६००. पाचवा बाइट स्टॉप बिटचा (शून्य म्हणजे एक स्टॉप बिट), सहावा पॅरिटीचा (शून्य म्हणजे पॅरिटी नाही) आणि शेवटचा आठ डेटा बिट सांगणारा. पीएल२३०३ हेच सात बाइट वापरते.

एफटीडीआयची तऱ्हा वेगळी. तिला वेग सांगायचा नसतो, भागाकार सांगायचा असतो. ३० लाखांना ९६०० ने भागलं की ३१२.५ येतात. त्यातले ३१२ सोळा-आधारी लिहिले की १३८, आणि उरलेला अर्धा दाखवायला पुढे ४. म्हणून चिपला जातो तो आकडा ४१३८. एकच गोष्ट, पण प्रत्येक चिपची बोली निराळी. प्रत्येकीला स्वतःचा ड्रायव्हर लागतो तो यासाठी.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग असा की हा संदेश चिपपाशी संपतो. मीटरला तो कधीच कळत नाही. लॅपटॉपवर १९२०० निवडलं म्हणून मीटर १९२०० वर येत नाही. मीटरचा वेग मीटरमध्येच बदलावा लागतो.

‘अक्षरं वेडीवाकडी येतात, म्हणजे केबल गेली’

खरं तर बरीच कचरा-अक्षरं येणं हे तार जिवंत असल्याचं लक्षण आहे. तुटलेल्या तारेतून सहसा काहीच येत नाही.

सीएनसी मशीनवरून प्रोग्रॅम लॅपटॉपवर घेताना हा घोटाळा फार होतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. जुने कंट्रोलर अनेकदा सात डेटा बिट आणि सम पॅरिटी वापरतात. संगणकावर मात्र आठ बिट, पॅरिटी नाही, अशी मांडणी आपोआप असते. सातात पॅरिटीचा एक मिळवला की आठच होतात, त्यामुळे बिटांची एकूण संख्या जुळते आणि चूक उघड दिसत नाही. पॅरिटीचा बिट अक्षराचाच भाग म्हणून वाचला जातो. ज्या अक्षरात एकांची संख्या सम, ते बरोबर उमटतं, ज्यात विषम ते बिघडतं. म्हणून ०, ३, ५, ६, ९ हे अंक स्वच्छ येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. ‘जी’ बरोबर, ‘एक्स’ चुकीचा. पडद्यावर हा नमुना दिसला की केबलला हात लावू नये, पॅरिटी बदलावी. वेग चुकलेला असेल तर असा अर्धा-अर्धा हिशेब दिसत नाही, जवळजवळ सगळंच बिघडतं.

‘सिरियल म्हणजे सिरियल, कोणताही कन्व्हर्टर चालतो’

आरएस-२३२ वर तर्कातला ‘एक’ म्हणजे ऋण दाब आणि ‘शून्य’ म्हणजे धन दाब, ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान. मायक्रोकंट्रोलरच्या टीटीएल पिनांवर ‘शून्य’ म्हणजे शून्य व्होल्ट आणि ‘एक’ म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्ट. दिशा उलटी आणि दाबही निराळा. २३२ ची तार थेट टीटीएल पिनेला जोडली तर बोर्ड जळू शकतो. आरएस-४८५ तिसरंच : दोन तारांमधला फरक वाचायचा, १२०० मीटरपर्यंत जायचं, एका जोडीवर ३२ प्रमाणित उपकरणं बसवायची. तिथे ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत. उत्तर येत नसेल तर दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात, त्याने नुकसान होत नाही.

‘पाठवला तसा अख्खा संदेश येतो’

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो, आणि तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आहे. सिरियल तारेला ‘संदेश’ ही कल्पनाच ठाऊक नाही. तिच्यावरून फक्त बाइट जातात. संदेश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दोन्ही टोकांनी आपसात ठरवलेलं असतं.

जाधववाडीच्या बाजार समितीत येणारा माल ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट ज्या प्रकारच्या भुईकाट्यावर तोलतात, त्याचा इंडिकेटर साधारणपणे न विचारताच वजन पाठवत राहतो. अंक साध्या अक्षरांत, शेवटी ओळ संपल्याची खूण, की लगेच पुढचं वजन. सॉफ्टवेअरने पोर्ट उघडला तो क्षण नेमका एखाद्या वजनाच्या मध्यावर असू शकतो. १२४५० मधले पहिले दोन अंक आधीच निघून गेले असतील, तर हाती ४५० येईल, आणि तो आकडा दिसायला पूर्ण वैध असेल. म्हणून ओळीच्या पहिल्या खुणेपर्यंत जे येईल ते टाकून द्यायचं आणि तिथून पुढे मोजायचं. शेतकऱ्याचा पैसा या एका नियमावर ठरतो, त्यामुळे तो पाळायलाच हवा.

मॉडबस आरटीयूमध्ये शेवटची खूणही नसते. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेल्या या पद्धतीत साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे संदेशाचा शेवट. ९६०० च्या वेगाला ही शांतता चार मिलिसेकंदांच्या आसपास भरते. आता मध्ये कन्व्हर्टर आला. एफटी२३२आर आलेला प्रत्येक बाइट लगेच पुढे ढकलत नाही. तिचं पाकीट ६४ बाइटचं, त्यातले पहिले दोन तिच्या स्वतःच्या स्थितीचे आणि उरलेले ६२ आपले. ते भरेपर्यंत किंवा मूळ मांडणीत १६ मिलिसेकंद होईपर्यंत ती थांबते. तारेवरची चार मिलिसेकंदांची शांतता संगणकापर्यंत जशीच्या तशी पोचतच नाही. उलट, एकसंध निघालेलं उत्तर दोन तुकड्यांत हाती येऊ शकतं. जो प्रोग्रॅम शांतता मोजून संदेश तोडतो, तो इथे चुकतो आणि खापर मीटरवर फुटतं.

उपाय म्हणजे बाइट मोजणं. पहिल्या क्रमांकाच्या मीटरकडून दोन रजिस्टर मागणारा संदेश असा : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. मीटरचा पत्ता, ‘वाच’ हा आदेश, कुठून, किती, आणि शेवटचे दोन बाइट तपासणीचे. उत्तर ०१ ०३ ०४ असं सुरू होतं. तिसरा बाइट सांगतो की यापुढे चार बाइट माहितीचे आहेत, म्हणजे तपासणीचे दोन धरून एकूण नऊ. नऊ जमेपर्यंत वाचत राहायचं, मग ते एका तुकड्यात येवोत की तीन. ड्रायव्हरच्या मांडणीत १६ चा आकडा १ पर्यंत खाली आणता येतो. एका लाइनवर तीस मीटर असतील तर प्रत्येक फेरीत जवळजवळ अर्धा सेकंद वाचू शकतो.

‘पोर्ट नुसता उघडला, काही पाठवलं नाही’

पोर्ट उघडताना संगणक सहसा डीटीआर ही तार सक्रिय करतो, आणि तोही चिपला जाणारा एक नियंत्रण-संदेशच असतो. आर्डुइनो उनोवर हीच तार रीसेटला जोडलेली आहे. या पट्ट्यातल्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रकल्प करणाऱ्या मुलांचा पहिला आदेश हरवतो तो याचमुळे : बोर्ड त्या वेळी पुन्हा सुरू होत असतो. दोन सेकंद थांबून पाठवलं की चालतं.

‘काल कॉम ३ होता, आज यंत्र सापडत नाही’

कॉम क्रमांक यंत्राचा नसतो, विंडोजने दिलेला असतो. चिपमध्ये अनुक्रमांक असेल तर विंडोज तिला ओळखून तोच क्रमांक देतं. सीएच३४० च्या बहुतेक कन्व्हर्टरमध्ये तो नसतो, म्हणून शेजारच्या यूएसबी सॉकेटमध्ये लावलं की क्रमांक बदलतो. सॉकेटवर चिठ्ठी चिकटवणं पुरतं.

‘ड्रायव्हर नवा असला की चांगलाच’

नेहमी नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपमधला ओळख-क्रमांक शून्य केला, आणि तोवर नीट चालणारे कन्व्हर्टर संगणकाला दिसेनासे झाले. प्रोलिफिकनेही जुन्या एचएक्सए चिपला नव्या विंडोजवर आधार देणं थांबवलं, आणि त्याचा फटका अस्सल चिप असलेल्यांनाही बसला. वाळूजच्या एखाद्या युनिटमध्ये हे सोमवारी सकाळी घडलं, तर तिथल्या तंत्रज्ञाला खरेदीच्या वेळी कोणी चिपचं नावही सांगितलेलं नसतं. कन्व्हर्टर घेताना ते विचारून घ्यावं आणि चालणारा ड्रायव्हर जपून ठेवावा.

संशय राहिलाच तर आरएस-२३२ कन्व्हर्टरच्या पिन २ आणि ३ एकमेकींना जोडून टाइप करावं. लिहिलेलं जसंच्या तसं परत आलं तर ड्रायव्हर, कॉम क्रमांक आणि चिप तिन्ही ठीक आहेत.

‘आकडा चुकला, म्हणजे मीटर गेला’

२३० व्होल्ट फ्लोटिंग-पॉइंट स्वरूपात पाठवायचे तर चार बाइट होतात ४३ ६६ ०० ००. ते दोन रजिस्टरांत विभागले जातात, आणि कोणतं रजिस्टर आधी हे उत्पादकागणिक बदलतं. क्रम उलटा वाचला की ०० ०० ४३ ६६ होतं, म्हणजे इतका लहान आकडा की पडद्यावर शून्य दिसतं. शेजारच्या पॅनलवर दिवे चालू असतात आणि स्क्रीन म्हणते व्होल्टेज नाही. दुसरी नेहमीची गफलत एका आकड्याची : पुस्तिकेत ४०००१ छापलेलं रजिस्टर संदेशात ०० ०० असतं, ०० ०१ नव्हे.

आणि ०१ ८३ ०२ असं सुरू होणारं उत्तर आलं तर हताश होऊ नये. ८३ म्हणजे ‘वाच’ हा आदेश नाकारला, ०२ म्हणजे मागितलेलं रजिस्टर या मीटरमध्ये नाही. एवढं सांगण्यासाठी मीटरला आपला पत्ता कळावा लागला, तपासणीचे बाइट जुळावे लागले. वेग, पॅरिटी, तारा, चिप आणि ड्रायव्हर हे सगळं बरोबर आहे. पुस्तिका उघडून रजिस्टरचा क्रमांक तेवढा पाहायचा.